पुढे पातं, तर मागे कोणता पंख?

बाणाच्या शेपटीला पंख का लावतात, याचं उत्तर शाळकरी पोरगंही देईल: बाण सरळ जावा म्हणून. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बाणाच्या तोंडाशी साधं गोल टोक असताना जो पंख पुरतो, तोच पंख तोंडाशी दोन-तीन उघडी पाती बसवल्यावर पुरतो का? बहुतेक वेळा पुरत नाही. मग कोणता लावायचा, किती लांब, किती उंच, किती कोनात, तीन की चार, पिसाचा की प्लास्टिकचा, यावर तिरंदाजांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाद चालू आहेत. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांनी तर त्यावर कित्येक शतकांपूर्वीच मतं देऊन ठेवली आहेत. ही सगळी मतं एकत्र मांडून, त्यांतलं काय टिकतं आणि काय टिकत नाही ते पाहावं, एवढ्यासाठी हा लेख.

जबलपूरच्या घमापुरात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न परका वाटत नाही, कारण तिरंदाजीच्या तीन परंपरा या शहराच्या आसपास एकत्र येतात. राणीतालच्या क्रीडा संकुलात मध्य प्रदेशची राज्य तिरंदाजी अकादमी आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत महिलांच्या कंपाउंड, म्हणजे चाकांच्या धनुष्याच्या, सांघिक प्रकारात भारताला रौप्यपदक मिळालं, त्या तिघींपैकी मुस्कान किरार ही जबलपूरची, याच अकादमीत घडलेली. मंडला-डिंडोरीकडे गेलं की गोंड आणि बैगा वस्त्यांमधला बांबूचा तीरकामठा भेटतो. आणि मंडल्याच्याच वाटेवर, बरेल्याजवळच्या नर्रई नाल्यापाशी, २४ जून १५६४ रोजी राणी दुर्गावती पडली, तीही बाण लागूनच. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने लिहून ठेवलंय की कानशिलात घुसलेला बाण राणीने स्वतः उपसून फेकला, पण त्याचं टोक जखमेतच राहिलं. पाठोपाठ दुसरा बाण मानेत लागला. बाणाचं तोंड कशासाठी बनवलंय यावर त्याचं सगळं अंग ठरतं, हे त्या प्रसंगातून कळतं. लढाईच्या बाणाचं टोक शरीरात अडकून राहिलं तर मारणाऱ्याचा फायदाच. शिकारीच्या बाणाचं नेमकं उलट आहे. त्याने कापत आरपार जावं आणि प्राणी थोड्या वेळात मरावा, असा त्याचा हिशेब. म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत काटेरी, मागे अडकणाऱ्या टोकांवर बंदी आहे, आणि पात्यांची किमान रुंदी बऱ्याच ठिकाणी सात अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, ठरवून दिलेली आहे.

शिकारीचा उल्लेख आला आहे, तेव्हा कायदा आधीच स्पष्ट सांगतो. भारतात बाणाने शिकार करता येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत धनुष्यबाण नाव घेऊन घातलेला आहे, आणि अनुसूची एकमधल्या प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. पिकात घुसणाऱ्या जनावरांबद्दलही लेखी परवानगीचा अधिकार ठरावीक अधिकाऱ्यांनाच आहे. शेतकऱ्याने आपणहून बाण उचलायचा नाही. ब्रिटनमध्येही १९८१च्या कायद्याने धनुष्याने वन्यप्राणी मारण्यावर बंदी घातली आहे. अमेरिकेत मात्र ही शिकार कायदेशीर आहे, परवान्याने आणि मोसमात. मिशिगनमध्ये हरणांसाठी धनुष्याचा मोसम १ ऑक्टोबरला सुरू होतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतलं कुणी परवाना काढून धनुष्य उचलत असेल, तर पंखाचा हा प्रश्न त्याच्यापुढे खराखुरा येतो. इथल्या वाचकासाठी तो इतिहासाचा, हवेच्या शास्त्राचा आणि मैदानातल्या तिरंदाजीचा प्रश्न आहे, आणि त्या अंगानेही तो भरपूर काही शिकवतो.

आता मुळाशी जाऊ. उडत्या बाणात दोन जागा महत्त्वाच्या. एक, जिथे त्याचा तोल सांभाळला जातो तो वजनाचा मध्य. दुसरी, जिथे बाजूने येणाऱ्या हवेचा सगळा जोर एकवटल्यासारखा असतो तो दाबाचा मध्य. दाबाचा मध्य वजनाच्या मध्याच्या मागे असेल तर बाण जरा वाकडा झाला तरी हवाच त्याची शेपूट ढकलून त्याला सरळ करते. पंखाचं काम एवढंच: दाबाचा मध्य मागे ओढून धरणं. साध्या गोल टोकाला हवेत पकडण्यासारखं फारसं काही नसतं. पण पक्क्या पात्यांचं टोक, ज्याला सगळे ब्रॉडहेड म्हणतात, ते लावलं की बाणाच्या तोंडाशीच छोटे पंख उगवल्यासारखं होतं. ते दाबाचा मध्य पुढे खेचतात. बाण सुटताना वाकतो, डुलतो. पहिल्या काही मीटरांत तो नेमका सरळ नसतोच. त्या तिरप्या क्षणी पुढची पाती हवेला धरून बाणाचं तोंड आणखी वळवायला बघतात आणि मागचे पंख ते परत आणायला बघतात. या झटापटीत मागच्यांचा जोर नक्की जास्त असायला हवा. सगळा प्रश्न इथून निघतो.

उघडमीट होणाऱ्या पात्यांची टोकं आली ती याच त्रासातून सुटका म्हणून. उडताना ती मिटलेली असतात, त्यामुळे बाण साध्या टोकासारखा उडतो आणि लागल्यावर पाती उघडतात. पण उघडण्यात बाणाची काही शक्ती खर्च होते, आणि यंत्र म्हटलं की कधीतरी अडकणार. म्हणून कमी ताकदीचं धनुष्य वापरणारे आणि मोठ्या जनावरामागे जाणारे शिकारी अजूनही पक्कं पातं सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटतं. मात्र पक्कं पातं घेतलं की पंखाची जबाबदारी टाळता येत नाही.

पिसांची परंपरा सगळ्यांत जुनी आहे, तिच्याकडे आधी पाहू. शार्ङ्गधराने १३६३ साली संकलित केलेल्या ‘शार्ङ्गधरपद्धती’ या ग्रंथात धनुर्विद्येचं एक प्रकरण आहे आणि वासिष्ठ धनुर्वेदातही तोच विषय जवळजवळ तसाच येतो. कोणत्या पक्ष्यांची पिसं चांगली, याची यादी तिथे आहे: कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड, कुरर आणि मासे खाणारे पक्षी. प्रत्येक बाणाला चार पिसं लावावीत, ती सहा अंगुळं लांब कापावीत. शिंगाच्या धनुष्याच्या बाणाला मात्र दहा अंगुळं. अंगुळ सुमारे पावणेदोन ते दोन सेंटिमीटर धरलं, तर सहा अंगुळं म्हणजे साडेचार इंचांच्या आसपास येतात. आजच्या घडीला रुंद पात्याच्या बाणासाठी पिसं विकत घ्यायला गेलात तर दुकानदार चार किंवा पाच इंचांचीच पुढे करतो. हे साम्य योगायोगाने आलेलं नाही. त्याच प्रकरणांत बाणाच्या तोंडांचेही प्रकार दिलेले आहेत: क्षुरप्र, अर्धचंद्र, भल्ल, वत्सदंत, सूचीमुख. यांतली क्षुरप्र आणि अर्धचंद्र ही रुंद, कापणारी पाती. ज्यांच्या बाणांना अशी तोंडं होती त्यांनी चार पिसांची, बऱ्यापैकी लांब शेपूट पसंत केली, हे त्यांच्या अनुभवाचंच फळ असणार.

पिसाचे गुण कागदावर मांडले तर खरे वाटू नयेत इतके आहेत. पाच इंची पीस पाव ग्रॅमच्या आत भरतं. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे बाण तिरपा झाला की ते हवेला गुळगुळीत प्लास्टिकपेक्षा अधिक धरतं. धनुष्याच्या मुठीला किंवा बाण टेकवायच्या रेस्टला घासलं तरी ते दबतं, दुमडतं आणि पुन्हा उभं राहतं. बाणाला धक्का देत नाही. म्हणून ज्या धनुष्यांत बाण थेट मुठीच्या कट्ट्यावरून सुटतो, तिथे पिसाला आजही तोड नाही. आमच्याकडचा बांबूचा कामठा असो की इंग्लंडचं लांब धनुष्य, दोन्हीकडे पीसच. दोष दोन. भिजलं की पीस चोपड्या चिंधीसारखं खाली बसतं, आणि कोरडं असताना उडताना फरफर आवाज करतं. पावसाळी प्रदेशात शिकारी मेणचट पूड चोळून ते भिजू देत नाहीत, पण मुसळधार पावसापुढे कोणतीही पूड टिकत नाही.

पिसाचं आणखी एक अंग आहे, ते नवख्याला हमखास फसवतं. पक्ष्याच्या उजव्या पंखातलं पीस एका बाजूला वळलेलं असतं, डाव्या पंखातलं दुसऱ्या बाजूला. एका बाणावर सगळी एकाच बाजूची हवीत, आणि चिकटवण्याचा चिमटाही त्याच वळणाचा हवा. उजव्या वळणाची पिसं बाणाला मागून बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात. बाण लागतो तेव्हा टोक अडतं आणि दांडी क्षणभर फिरत राहते. उजव्या वळणाच्या बाणात ही फिरण स्क्रूचं टोक आणखी घट्ट करते. डाव्या वळणात ते सैल होऊ शकतं. एका बाजूनेच धार दिलेली पाती वापरत असाल तर धारेची बाजू आणि पंखाचं वळण जुळलं पाहिजे, नाहीतर बाण हवेत एकीकडे फिरेल आणि पातं लागल्यावर दुसरीकडे वळू बघेल.

आता कायद्याचा मुद्दा पुन्हा येतो. गिधाड आज अनुसूची एकमध्ये आहे. गुरांच्या डायक्लोफेनॅकने गिधाडांचा जो संहार केला तो पाहून २००६मध्ये त्या औषधाच्या गुरांसाठीच्या वापरावर बंदी आली. मोराची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. आपोआप गळालेल्या शेपटीच्या पिसांना देशात सवलत आहे, पण बाणाला लागतं ते पंखातलं ताठ पीस, आणि ते या सवलतीत बसत नाही. तेव्हा जुन्या यादीतले पक्षी विसरायचे. आज जगभर बाणासाठी पाळीव टर्कीच्या आणि हंसाच्या पंखातली पिसं वापरतात. ती धुऊन, रंगवून, दांडी चिरून आणि घासून विकली जातात. त्यात कुणाच्या जिवाचा प्रश्न नाही आणि गुणातही ती कमी नाहीत.

विसाव्या शतकातल्या शिकारी तिरंदाजीचं पुनरुज्जीवनही पिसांवरच झालं. १९११मध्ये कॅलिफोर्नियात ‘याही’ नावाच्या जमातीचा इशी हा माणूस बाहेरच्या जगात आला. त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्यबाण बनवायला आणि शिकार करायला शिकला. इशी १९१६मध्ये वारला. पोपने १९२३मध्ये धनुष्याने शिकार करण्यावर जे पुस्तक लिहिलं ते अमेरिकेतल्या शिकारी तिरंदाजांचं मूळ पुस्तक मानलं जातं. मग १९६९मध्ये मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलनला चाकांच्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं आणि सगळंच बदललं. बाण वेगाने, हलका आणि रेस्टवरून सुटू लागला. पुढे सुटताक्षणी खाली पडणारा रेस्टही आला. पंखाला काही घासायचाच प्रश्न उरला नाही, तेव्हा प्लास्टिकच्या पंखाची, ज्याला आपल्याकडची पोरंही आता व्हेन म्हणतात, चलती झाली.

सुरुवातीचे व्हेन लांब आणि बुटके होते, चार-पाच इंचांचे, पिसाची नक्कल करणारे. या शतकाच्या पहिल्या दशकात दोन इंच लांब आणि अर्ध्या इंचाहून थोडे जास्त उंच असे ताठ व्हेन आले आणि शिकाऱ्यांनी ते पटापट उचलले. बोहनिंग कंपनीचा ब्लेझर हा त्यातला सगळ्यांत गाजलेला. बुटका पंख दांडीलगतच्या खळबळीच्या हवेत बुडालेला असतो. उंच पंखाचा बराचसा भाग त्या थराबाहेर, स्वच्छ हवेत असतो. शिवाय तेवढ्याच क्षेत्रफळाचा उंच-आखूड पंख लांब-बुटक्या पंखापेक्षा जास्त जोर देतो. विमानाचे पंख लांबट का असतात त्याचंच हे दुसरं रूप. पक्क्या पात्यासाठी प्लास्टिक घ्यायचं असेल तर माझं मत सरळ आहे: लांबीपेक्षा उंचीला महत्त्व द्या. दोष एवढाच की उंच पंख आवाज जास्त करतो आणि बाण रेस्टवरून सुटताना कुठे घासला तर प्लास्टिक पिसासारखं माफ करत नाही. केसाळ, गोल रेस्टमधून बाण सुटत असेल तर हे घासणं दर वेळी होतं, आणि काही दिवसांत व्हेनच्या मागच्या कडेला लाटा पडलेल्या दिसतात. असा व्हेन लगेच काढून टाकावा.

वजनाचा हिशेब मात्र दुर्लक्षून चालत नाही. दोन इंची ताठ व्हेन सुमारे ६ ग्रेन, म्हणजे ०.४ ग्रॅमचा. तीन लावले तर १.२ ग्रॅम, चार लावले तर १.६. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. उदाहरण करून पाहू. ७२ सेंटिमीटर लांबीचा २८ ग्रॅमचा बाण घ्या, ज्याचा तोल शेपटीच्या खाचेपासून ४५ सेंटिमीटरवर सांभाळला जातो. मध्य ३६वर, म्हणजे तोल मध्यापेक्षा ९ सेंटिमीटर पुढे; लांबीच्या १२.५ टक्के. आता शेपटीपासून ५ सेंटिमीटरवर एक ग्रॅम वाढवा. तोल ४३.६वर येतो आणि १२.५चे साडेदहा टक्के होतात. शेपटीतला एक ग्रॅम तोल जवळजवळ दीड सेंटिमीटर मागे ओढतो. तोल मागे आला की पंखाची तरफ आखूड होते, आणि आपण ज्यासाठी मोठा पंख लावला त्यातलाच काही फायदा परत जातो. म्हणून शेपटीला वजन वाढवताना पुढे टोकालाही थोडं वाढवणं शहाणपणाचं.

तोल पुढे किती असावा, यावरचा वाद तर सगळ्यांत रंगलेला. आपल्या धनुर्वेदाने बाणाचे तीन प्रकार केले: पुढे जाड तो स्त्री, मागे जाड तो पुरुष, सगळीकडे सारखा तो नपुंसक. स्त्री बाण लांब जातो, पुरुष बाण कठीण वस्तू भेदतो, आणि सराव सारख्या बाणाने करावा, असं ते मत. आज जनावरांवर केलेल्या चाचण्यांच्या आधारे डॉ. एड ॲशबी यांनी मांडलेलं मत नेमकं याच्या उलट आहे: पुढे जड असलेला बाण जास्त खोल जातो. ग्रंथातली जाडी आणि आजचं वजन या एकाच गोष्टी नाहीत, हे ध्यानात घ्यायला हवं. वेळूच्या दांड्याची जाडी कुठे असावी हा त्याच्या वाकण्याशीही जोडलेला प्रश्न आहे. पण पुढे जड बाण हवेत स्थिर राहतो, यावर दोन्ही मतांत भांडण नाही. पक्क्या पात्याच्या बाणात मला बारा ते पंधरा टक्क्यांचा पल्ला समंजस वाटतो. त्यापलीकडे जाणारे लोक छोट्या पंखांवर समाधानी असतात, कारण त्यांची तरफच लांब असते. तो मार्ग चुकीचा नाही, पण जड टोकाच्या बाणाला दांडी ताठ लागते, बाण जड होतो, आणि अंतर ओळखण्यातली चूक महागात पडते.

कोनाचा प्रश्न यामानाने सोपा. पंख दांडीच्या रेषेत अगदी सरळ बसवले तर बाण फारसा फिरत नाही. गोल टोकाला ते चालतं. पात्याला चालत नाही, कारण कोणतंही ब्रॉडहेड अगदी परिपूर्ण नसतं. एक पातं केसभर वाकडं, एक जरा उंच. बाण फिरत राहिला तर त्या वाकडेपणाचा ओढा सगळ्या दिशांना वाटला जातो आणि बाण एकाच बाजूला वाहत नाही. पंख एक ते तीन अंश तिरपा बसवणं हा पहिला मार्ग. तिरपा बसवून वळणदारही करणं, म्हणजे हेलिकल, हा दुसरा आणि जास्त परिणामकारक. फिरण्यामुळे बाण बंदुकीच्या गोळीसारखा स्थिर होतो असं जे सांगितलं जातं त्यात अतिशयोक्ती आहे. बाणाला सरळ करतं ते मुख्यतः पंखाचं मागे ओढणं. फिरण्याचं काम वाकडेपणा वाटून टाकण्याचं. पंख आणि पाती एका ओळीत असावीत, अशीही एक जुनी समजूत आहे. तिला आधार नाही. टोक जिथे घट्ट बसेल तिथे बसू द्या.

तीन की चार? तीन पंख लावणं सोपं, स्वस्त, हलकं. एका वेगळ्या रंगाचा पंख असला की खाच कशी लावायची तेही कळतं. चार पंख लावले तर प्रत्येक पंख थोडा बुटका घेऊनही एकूण जोर तेवढाच मिळतो आणि घासण्याची शक्यता कमी होते. सव्वा इंचापेक्षा रुंद, दोन पात्यांचं टोक असेल तर मी चारच्या बाजूने आहे, आणि याबाबतीत शार्ङ्गधराशी माझं जमतं. नेहमीच्या एक ते सव्वा इंची तीन पात्यांच्या टोकाला तीन चांगले पंख पुरतात.

अकादमीतले तिरंदाज मात्र एवढे छोटे पंख लावतात, मग ते चुकतात का? नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७व्या वर्षी कंपाउंडची विश्वविजेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५०पैकी १५० गुण घेऊन पुरुषांचं विजेतेपद मिळवलं. त्याआधी मे महिन्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषकात कंपाउंडमधल्या नामांकित माइक श्लोसरला एका गुणाने हरवलं होतं. ही मंडळी ५० मीटरवर नेम धरतात. तिथे वारा आहे, लांब अंतर आहे, टोक गोल आणि बारीक आहे. मोठा पंख वाऱ्यात जास्त वाहतो आणि वेग जास्त गमावतो. टोकं वळलेलं, बिनचाकांचं रिकर्व्ह धनुष्य वापरणारे ७० मीटरवर तर वळणदार, अगदी पातळ फितीसारखे पंख लावतात. तेच तिरंदाज हिवाळ्यात छताखाली १८ मीटरवर खेळतात तेव्हा अनेकजण मोठी पिसं लावतात, कारण जवळच्या अंतरात बाण लवकर सरळ होणं महत्त्वाचं आणि वेगाची पर्वा नाही. पक्क्या पात्याचा बाणही साधारण १८ ते ३५ मीटरच्या पल्ल्यातच वापरला जातो. तेव्हा ज्याला अनुकरणच करायचं आहे त्याने बर्लिनच्या मैदानाकडे पाहू नये, छताखालच्या १८ मीटरकडे पाहावं. मोठ्या पंखाने किती तोटा होतो तेही पाहा: सेकंदाला ८० मीटर वेगाचा बाण ३० मीटर जायला ०.३८ सेकंद घेतो. पंखाने वाटेत एक-दीड टक्का जास्त वेळ लागला तरी तो एक-दोन सेंटिमीटर जास्त खाली उतरतो. त्या बदल्यात सरळ बाण मिळत असेल तर हा सौदा फायद्याचाच.

वेगवान धनुष्याला पक्कं पातं मानवत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. त्यात एक गफलत आहे. वेग वाढला की पात्यांवरचा जोर वाढतो, पण पंखांवरचाही त्याच प्रमाणात वाढतो. खरं कारण बहुतेक वेळा हे असतं की वेग मिळवण्यासाठी बाण हलका केलेला असतो, आणि तिरप्या हवेचा तोच जोर हलक्या बाणाला जास्त ढकलतो. दोष वेगाचा नाही, हलक्या बाणाचा आहे. चार ग्रॅम वाढवले की पंख न बदलताही कित्येकांचं दुखणं जातं.

आणि आता जे मला सगळ्यांत आग्रहाने सांगायचं आहे ते. पंख हा बाणाच्या आजारावर पांघरूण घालतो. धनुष्य नीट जुळवलेलं नसेल, दांडीचा ताठरपणा चुकीचा असेल, खाच तिरपी असेल, तरी मोठा पंख बाणाला शेवटी सरळ करून गोल टोकाने लक्ष्यात नेऊन बसवतो, आणि तिरंदाजाला वाटतं की सगळं ठीक आहे. मग त्याच बाणाला पातं लावलं की तो हातभर बाजूला जातो. लोक तेव्हा आणखी मोठा पंख शोधतात. आधी धनुष्य दुरुस्त करायला हवं. क्रम असा: पंख काढलेला बाण जवळून सोडून तो लक्ष्यात सरळ बसतो का पाहायचं; मग पंखाचा बाण; मग टोक बसवून बाण टोकावर उभा धरायचा आणि बोटांनी फिरवून बघायचा, दांडीचं वरचं टोक डुललं तर ते टोक किंवा ती दांडी बाद. शेवटी २०-३० मीटरवर गोल टोकाचे आणि पात्याचे बाण आळीपाळीने सोडायचे. पात्याचे बाण डावीकडे जात असतील तर रेस्ट उजवीकडे सरकवायचा, वर जात असतील तर खाली. आणि सरकवणं अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबात. दोन्ही एकत्र पडू लागले की पंखाची निवड करायची, त्याआधी नाही.

पंख लावण्याचं काम हाताने करणाऱ्याला एक-दोन गोष्टी सांगतो. दांडी स्पिरिटने पुसून झाल्यावर तिथे बोट लावू नका; बोटाच्या तेलाने डिंक धरत नाही. जिगच्या, म्हणजे पंख चिकटवण्याच्या साच्याच्या, चिमट्यात पंख धरताना त्याचा तळ चिमट्याच्या कडेशी अगदी समपातळीत आहे का, हे उजेडाकडे धरून बघा. मधे फट दिसली तर तिथेच तो पुढे सुटणार. डिंकाची रेघ बारीक हवी, आणि पंखाच्या पुढच्या टोकावर वरून एक ठिपका, कारण लक्ष्यातून आरपार जाताना पहिल्यांदा उलगडतं ते तेच टोक. पिसाला तर पुढून बारीक दोऱ्याचे काही वेढे द्यावेत. आदिवासी कारागीर देतात ते उगाच नाही.

शेवटी निवड. मुठीवरून बाण सोडणाऱ्याने चार ते पाच इंची पिसं, तीन, पूर्ण हेलिकल, यापलीकडे शोध घेण्याची गरज नाही. पडणाऱ्या रेस्टच्या कंपाउंडला दोन ते अडीच इंची उंच, ताठ व्हेन, दोन-तीन अंशांच्या वळणाने, तीन. टोक रुंद असेल तर किंचित बुटके चार. केसाळ रेस्ट असेल तर बुटके आणि ताठ, आणि दर महिन्याला तपासणी. छोटे, गोंडस, रंगीत पंख लावून पात्याचा बाण सोडणारा माणूस एक जिवंत प्राणी अर्धवट जखमी करून सोडण्याचा धोका पत्करतो, आणि हा धोका परवाना असलेल्या देशातही कुणी पत्करू नये. घमापुर, रांझी, राणीतालच्या पोरांना एवढंच सांगणं: पात्याची टोकं मागवू नका, लक्ष्याच्या पटांची चाळण करणारं टोक मैदानात चालतही नाही. गोल टोक घ्या, पंख स्वतः चिकटवायला शिका, आणि ते काम कसं करतात हे अकादमीत जाऊन प्रशिक्षकांना विचारा.